उनातला दिवा

गाडी थांबायचीही वाट न बघता मनकर्णानं खाली उडी मारली, परकर वर खोचला आणि पेढ्यांचा पुडा छातीशी धरून ती पुसेगावच्या पेठेतून पळत सुटली. मागून गाडीवान ओरडला, "ओ पोरी, पेटी कोन उतरवील?" पण पेटीला काय घाई होती? पेटी काही नासत नव्हती. बातमी मात्र तिच्या पोटात नुसती उड्या मारत होती. पैनगंगेच्या नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं पुडा उघडून पाहिला, तेव्हा त्यालाही तिनं सांगून टाकलं होतं, "हमारा मामा सुट गया!" मामा तुरुंगातून सुटला असं समजून शिपायानं मोठ्या मनानं दोन पेढे तोंडात टाकले आणि तेवढीच जकात घेऊन गाडी निजामाच्या मोगलाईत सोडली.

दुकान जवळ आलं तसे मात्र तिचे पाय हळू पडायला लागले. काहीतरी कमी होतं. एरवी वेशीत शिरायच्या आधी आबांच्या हातोडीचा आवाज यायचा, मग गाव दिसायचं. आज गाव आधी दिसलं होतं.

तातेराव तांबट ऐरणीपुढं बसले होते. हातोडी मांडीवर होती, पण ठोकायला पुढ्यात काही नव्हतं. लढाई सुरू झाल्यापासून तांब्या-पितळेचा नवा पत्रा दिसेनासा झाला होता. मागच्या फळीवर चार तांबे आणि एक पोचा आलेलं घंगाळ, एवढंच काय ते दुकान.

"आबा! मामा सुटला! कोर्टाचा हुकूम झाला. आता कुनी सावकार त्याच्या दारात पाय टाकू शकत न्हाई. नादारी मिळाली त्याला!"

शाळेत पहिला नंबर मिळाल्यासारखं ती हे म्हणाली. आबांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला.

"आन् गोदाम?"

"कोन्तं गोदाम?"

"भट्टीच्या मागचं. कुलूप काढलं का त्याचं?"

"ते तर कवाच काढलं. समदा माल लिलावात गेला नं, आबा! म्हनून तर सुटला. जवळ हाय तेवढं कोर्टाच्या हवाली करायचं, मंग कोर्ट म्हनतं, जा, तू मोकळा. वकिलानं मलाच समजून सांगितलं. म्हनाला, पोरगी हुशार हाय."

आबांनी उरलेला अर्धा पेढा परत कागदावर ठेवला. अगदी हळू ठेवला, जणू तो पेढा कुणी सांभाळायला दिला होता.

"समदा?"

"समदा."

आतून ओल्या हातानं तिची माय, द्वारकाबाई, दारात आली होती. तिनं तो शेवटचा शब्द ऐकला आणि चौकटीला हात टेकला. हाताची ओल लाकडात उतरत राहिली. "माय, पेढा घे नं," मनकर्णा म्हणाली. कुणीच हात पुढं केला नाही, तेव्हा तिनं स्वतःच एक खाल्ला. तोंडात गेल्यावर तो गोड लागला नाही.

तेवढ्यात काठी टेकत चतुराबाई आली. मारुतीच्या पारामागं राहणारी ही म्हातारी तोंडानं फटकळ, पण आबांना लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेली.

"आली का वाशीमची मड्डम! अगं, केवढी झालीस! तातेराव, पोरीला परकरातच म्हातारी करतोस का काय? आन् पेढे कशाचे म्हने?"

मनकर्णानं तोंड उघडलं. आबा तिच्या आधी बोलले.

"पास झाली मावशी, पोरगी. पाचवी."

हे खोटं नव्हतं. पण मनकर्णानं आबांना असं खरं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारीनं पेढा बोळक्यात ठेवून बराच वेळ चघळला. मग तिनं विचारलं, "आन् माझी घागर? निघाली का भट्टीतून? नातीची हळद जवळ आली, बाबा."

"येऊन राहिली, मावशी."

"येऊन राहिली म्हन. येऊ दे."

काठीचा आवाज दूर गेला. आणि मग, त्या आवाजाच्या मागं मागं, मनकर्णाला ते सगळं आठवत गेलं. माघात ती घरी आली होती तेव्हाचं.

दर साली लग्नसराईच्या आधी गावातल्या बाया आपली मोड घेऊन यायच्या. मोड म्हणजे फुटकी, चिरलेली, बूड गेलेली भांडी. एखादीची घागर, एखादीची परात. आबा ते भांडं दोन्ही हातांनी घ्यायचे, कानाजवळ धरायचे आणि बोटाच्या पेरानं त्यावर एकदा टकटक करायचे. फुटकं भांडं बद्द वाजतं. तो बद्द आवाज बाईनं ऐकला, की मोड घेतली गेली. ना कागद, ना अंगठा. मग भांड्याच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला ज्याच्या त्याच्या खुणेची गाठ. दोरा बांधायचं काम मनकर्णाचं. गाडी भरून मोड पैनगंगेपलीकडं मामाच्या भट्टीवर जायची आणि तिची नवी भांडी होऊन यायची. जिची मोड, तिचंच तांबं तिच्या नव्या भांड्यात आलं, असं प्रत्येक बाई मानायची आणि आबाही मानायचे.

या साली गाडी गेली, आणि मामाच्या सावकारांनी कोर्टाकडून गोदामाला कुलूप घातलं. मनकर्णा वाशीमला मामाकडंच राहून शिकत होती. शाळेत जाता-येता तिनं ते कुलूप पाहिलं होतं. लिलावाच्या दिवशी मामीच्या मागं उभं राहून, टाचा उंच करून तिनं तो ढीगही पाहिला होता. सगळी गर्दी, बोली, हातोडा, मजाच मजा. भांड्यांच्या गळ्यातले दोरे वाऱ्यानं हलत होते. त्या ढिगात पुसेगाव आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

*

दिवेलागणीला पानावर बसल्यावर तिनं भाकरी मोडली नाही. ती विचार करत होती, आणि तिचा विचार नेहमी लवकर होऊन जायचा.

"आबा, तुमी बी घ्या नं नादारी."

"पानी घे म्हनल्यासारकं बोलू नको," माय म्हणाली.

"त्यात काय हाय, माय? तिकडं वऱ्हाडात समदेच घेऊन राहिले. मामाच्या गल्लीतला सरकीवाला, पलीकडचा किराणावाला, शाळंपुढचा शिंपीसुद्दा! कुनाला काही वाटत न्हाई. दोन म्हैन्यांनी मानूस फिरून दुकान टाकतो, नारळ फोडतो, आन् त्याचेच सावकार बर्फी खाऊन जातात."

"इकडं न्हाई घेत कुनी," आबा म्हणाले.

"काहून पन?"

आबांनी चुलीकडं पाहिलं. त्यांना उत्तर टाळायचं नव्हतं. उलट ते खरंच शोधत होते. त्यांनी ताटातला मिठाचा खडा बोटानं इकडून तिकडं सरकवला.

"तुझ्या हरिचंद मामाला ज्यानं कर्ज दिलं, त्यानं त्याचं दुकान पाहून दिलं. बुडालं तर बुडालं, असं आधीच मनात धरून दिलं. व्याजात धरलं त्यानं ते." ते थांबले. "चतुरामावशीची ती घागर तिच्या मायनं लगनात डोक्यावर दिली व्हती. अर्जात तिचं काय लिहू म्या?"

"वजन लिहायचं, आबा. आन् भाव."

ती लगेच म्हणाली. वकिलानं तिला तसंच सांगितलं होतं. आबांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. दुसऱ्या गावच्या तांबटानं घडवलेलं भांडं हातात घेऊन बघावं, तसं पाहिलं. मग ते भाकरी खायला लागले, आणि मनकर्णाला का कोण जाणे, आपण वजन म्हणालो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

*

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हरिचंद मामा स्वतःची गाडी घेऊन आला. डोक्यावर कोरी टोपी, गालावर तेज. सुटलेल्या माणसाचं तेज असतं. त्यानं ओसरीवर बसल्या बसल्या मनकर्णाच्या हातात सहावीचं पुस्तक ठेवलं. तिनं ते नाकाशी नेऊन आधी त्याचा वास घेतला.

"दाजी, झालं ते झालं," मामा म्हणाला. "मायी काही नियत खोटी नव्हती."

"न्हाई म्हनत न्हाई म्या. पन मोड आमच्या गावची हाय, एवढं तरी कोर्टाच्या कानावर घालायचं. काहून न्हाई घातलं?"

मामानं टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"घरच्या मानसाचं नाव कोर्टात कसं घेऊ, दाजी? लोकं म्हनले असते, पाह्यजा, मेव्हन्यालेबी बुडवलं यानं."

माय स्वैपाकघरात होती. आतून पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला आणि मग आधीपेक्षा जोरात सुरू झाला.

मामानं पुढचं सगळं ठरवूनच आणलं होतं. वाशीमला त्याच्या शेजारची खोली रिकामी होती. दुकान अक्काच्या, म्हणजे द्वारकाबाईच्या नावानं टाकायचं. मनकर्णाची शाळा तिथंच. "पैनगंगा ओलांडली का झालं, दाजी. इथून कोन येते तिकडं मागाले? इथं का राह्यलं तुमचं? मले सांगा."

आबा खाली पाहत होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर ते डाव्या अंगठ्यानं चोळत होते. टकटक करून करून तिथं घट्टा पडला होता.

मनकर्णा पुस्तक पोटाशी धरून मनातल्या मनात म्हणत होती, व्हय म्हना आबा, व्हय म्हना. शाळेत तिला नकाशावरची गावं डोळे मिटून दाखवता यायची. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, सातवी झालीस की तुला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवू. अख्ख्या पुसेगावात आजवर एकाही बाईला कुणी कुठं पाठवलं नव्हतं, सासर सोडून.

"येतो," आबा म्हणाले.

तिनं पुस्तकाचा मुका घेतला.

"पन पळून येनार न्हाई. दिवा लावून येईन."

आधी मामाला कळलंच नाही. मग तो मोठ्यानं हसला. कुणीच हसत नाही असं पाहिल्यावर त्याचं हसू घशातच बसलं.

आबांनी ते मनकर्णाकडं बघून सांगितलं. आबा लहान असताना पेमा कापडवाल्यानं असा दिवा लावला होता. बाजारच्या दिवशी, भर उन्हात, दुकानाच्या उंबऱ्यावर. आपली बसायची घोंगडी उलटी अंथरायची, तिच्यावर बसायचं आणि पुढ्यात दिवा लावायचा. कुणी काही बोलायचं नाही. ज्याचं येणं असेल त्यानं यायचं आणि दिव्यात बोटभर तेल घालायचं. तेल पडलं की येणं फिटलं. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांचं तेल पडलं, की माणूस मोकळा. दुसऱ्या गावी जायला मोकळा, आणि पुढं कधी या गावावरून जायचं झालं तर मान वर करून जायलाही.

"आन् कुनी न्हाई घातलं तर?" मनकर्णानं विचारलं.

"घालतात," आबा म्हणाले. "पेमाला समद्यांनी घातलं. माझ्या आज्यानं बी."

"हे तर कोर्टासारकंच झालं की!" ती टाळी वाजवून म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. वऱ्हाडात कागदावर, मोगलाईत तेलावर, एवढाच काय तो फरक! सकाळी तिनं स्वतःच कापूस निवडून वात वळली. लांब वळली. दिवसभर पुरायला पाहिजे म्हणून.

*

बाजार भरला. मामाची गाडी पेठेच्या तोंडाशी चिंचेखाली उभी राहिली. तिच्यात सामान भरून झालं होतं, आणि त्या सामानावर, सगळ्यांत वर, मनकर्णाची पेटी. माय पदर पुढं ओढून गाडीतच बसली होती. नवऱ्याला तसं बसलेलं बघायला ती तयार नव्हती.

आबांनी घोंगडी उलटी केली. घोंगडीची ती बाजू मनकर्णा आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. नवी कोरी होती, काळीभोर. आबा तिच्यावर बसले, हात मांडीत घेतले. मनकर्णानं दिवा लावला. उन्हात ज्योत दिसतच नव्हती. नुसती हवा तेवढ्या जागेवर थरथरल्यासारखी वाटत होती.

ती बाजूला तेलाची वाटी घेऊन बसली. ज्यांच्याकडं तेल नसेल त्यांच्यासाठी. लढाईच्या दिवसांत तेल काय सगळ्यांच्या घरी असतं?

लोक यायला लागले. दुकानासमोर आले, आणि पुढं गेले. सुताराची सून आली, तिची मोठ्या घंगाळाची मोड होती. तिनं लेकराला या काखेतून त्या काखेत घेतलं आणि पलीकडच्या वांग्यांकडं वळली. पाटलाच्या वाड्यावरची मोलकरीण आली. ती दिव्याच्या अगदी जवळून गेली, तिच्या लुगड्याच्या वाऱ्यानं ज्योत लवली, पण नजर सरळ समोर. मनकर्णानं हात आडवा धरला.

"गर्दी हाय नं, आबा. दिसला नसंल."

आबा बोलले नाहीत. बोलायचं नसतंच.

ऊन माथ्यावर आलं तशी तांड्यावरची पारुबाई आली. हातभर बांगड्या, ओढणीवर आरसे, आणि जीभ अशी की बाजारात कुणी तिच्याशी घासाघीस करायला धजत नसे. तिची पितळी परात होती त्या ढिगात. तिनं फळीवरचा एक तांब्या उचलला, उलटासुलटा केला.

"काय रे तांबट, केवढ्याला देतो? का लढाई हाय म्हनून सोन्याचा भाव लावतो?"

आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग दिव्याकडं पाहिलं.

"बोल की. तोंड शिवलं का?"

मनकर्णाला राहवलं नाही. "मावशी, दिवा हाय. तुमाला दिसत न्हाई का?"

"कोनता दिवा?"

"हा काय!"

पारुबाईनं डोळ्यांवर हात धरला, दिव्याकडं नाही, सूर्याकडं पाहिलं. "येवढं ऊन पडलंय, बाई. उनात काय दिसतंय?" आणि तांब्या जिथला तिथं ठेवून ती निघाली. जाताना तिनं ओढणीनं डोळे पुसले. ऊनच होतं तसं.

तेव्हा मनकर्णाला कळलं. न दिसायला कुणी आंधळं नव्हतं. सगळा बाजार ठरवून बघत नव्हता. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कोण जाणे. बहुतेक कुणीच नसेल. पाण्याला उताराकडं जा म्हणून कोण सांगतं?

ती उठली, उंबऱ्यावर चढली. शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका हो! ज्याचं ज्याचं आबांकडं येनं हाय, त्यांनी या! दिव्यात तेल घाला! तेल आमीच देऊन राहिलो!"

बाजार एवढा गप्प झाला की तराजूच्या साखळ्या वाजलेल्या ऐकू आल्या. मग मिरचीवाल्यानं जोरात हाळी दिली, "घ्या लवंगी, घ्याऽऽ!" त्याच्या मागोमाग गूळवाला ओरडला, मग कांदेवाला, आणि एवढ्या आरोळ्या उठल्या की तिचा आवाज त्यात कुठल्या कुठं गेला. कुणीतरी मायेनं म्हणालं, "पोरीला ऊन लागलं जनू. सावलीत घ्या तिला."

ती खाली बसली. वाशीमच्या कोर्टात साहेबापुढं बोलायची तिची तयारी होती. वकिलाशी ती बोलली होती. शिपायाशी बोलली होती. पण न बघणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे कोणत्याच इयत्तेत नव्हतं. तिनं आबांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली होती आणि ते ती पुसत नव्हते. हात मांडीतच होते, पालथेही नाहीत, उताणेही नाहीत. नुसते पडलेले.

*

उन्हं कलली. बाजारातली पालं उठायला लागली. दिव्यातलं तेल सकाळी तिनं घातलं होतं तेवढंच, त्यात कुणाचा थेंब पडला नव्हता, आणि आता तेही तळाला गेलं होतं. वात काजळत होती. चिंचेखाली मामाच्या बैलांनी शिंगं हलवली, घुंगरं वाजली.

काठी टेकत चतुराबाई आली. ती सरळ उंबऱ्याशी आली आणि थांबली. बाजारात तिनं एकटीनंच दिव्याकडं पाहिलं. मनकर्णानं तेलाची वाटी पटकन पुढं केली.

म्हातारी खाली वाकली. वाटीला तिनं हात लावला नाही. दोन बोटं थुंकीनं ओली केली आणि वात चिमटीत धरून विझवली.

"तेल केवढ्याला झालं, ठावं हाय का तुला, तातेराव? दिवसा जाळून राहिला."

"मावशी," आबा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द. आवाज चिरलेला होता. "मावशी, तुमची घागर येत न्हाई. लिलावात गेली ती."

"ठावं हाय."

"कवापासून?"

"पेढा खाल्ला तवापासून. पास झालेल्या पोरीचा बाप असा बसतो व्हय रे?"

आबांची मान आणखी खाली गेली.

"मंग तेल घाला, मावशी. तुमी घातलं तर समदे घालतील. पाया पडतो तुमच्या. मला जाऊ द्या."

चतुराबाईनं पेठेकडं पाहिलं. पालं गुंडाळणारे हात थांबले होते. आता कुणी इकडं बघत नव्हतं असं नव्हतं.

"पेमाच्या दिव्यात घातलं व्हतं म्या तेल," ती म्हणाली. "नवी सून व्हते. समद्यांनी घातलं, म्हनून म्या बी घातलं. गेला बिचारा. तवापासून लुगडं घ्यायला हिंगोली गाठावी लागती." तिनं काठीनं आबांच्या मांडीला टोचलं. "ऊठ."

आबा उठले. लहान पोरासारखे उठले. म्हातारीनं वाकून घोंगडी ओढली, झटकली आणि पुन्हा सुलटी घातली. रोजची, विटकी, आबांच्या बसण्याचा खड्डा पडलेली बाजू वर आली.

"बस."

ते बसले.

"घागर व्हईल तवा व्हईल. नात काही घागरीसंगं नांदनार न्हाई." मग तिनं पदराखालून एक तांब्या काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "ही मोड घे. चिरला हाय."

आबांनी तांब्याकडं पाहिलं. हात उचलला नाही. चतुराबाई उभी राहिली. मोड दिलेली बाई आवाज ऐकल्याशिवाय जात नसते. आबांचं मधलं बोट मांडीवर एकदा हललं आणि थांबलं.

"दाजी, उशीर होऊन राह्यला नं!" चिंचेखालून मामाची हाक आली. "नाका बंद होईन!"

मनकर्णानं गाडीकडं पाहिलं. सगळ्यांत वर तिची पेटी. पेटीत सहावीचं पुस्तक. त्याचं पहिलं पान उलटायचं तिनं मुद्दाम राखून ठेवलं होतं, नव्या खोलीत उलटायचं म्हणून. मग तिनं आबांच्या हातांकडं पाहिलं. ते हात उठणार नव्हते. तांब्यापाशी नाही, आणि गाडीत बसायलाही नाही. म्हातारी काठीवर भार टाकून उभीच होती.

मनकर्णानं तांब्या दोन्ही हातांनी उचलला. कानाजवळ धरला. बोटाचं पेर दुमडलं आणि एकदा टकटक केलं.

तांब्या बद्द वाजला नाही.

खणखणीत वाजला. असा लांब, स्वच्छ, की वाजून झाल्यावरही तिच्या हातात थरथरत राहिला. कुठं चीर नव्हती, पोचा नव्हता. म्हातारीच्या घरचा पाणी प्यायचा तांब्या होता तो. तळाला थोडी ओल अजून होती.

आबांनी मान वर केली.

चतुराबाई तोवर पाठ फिरवून चालायला लागली होती. तिच्या पलीकडं, पेठेच्या कडेला, पारुबाई ओढणीखाली काहीतरी घेऊन उभी होती. तिच्यामागं सुताराची सून.

मनकर्णानं दोऱ्यासाठी फळीवर हात घातला. दोऱ्याचं रीळ गाडीत बांधून ठेवलं होतं. तिनं वळून पाहिलं, तर माय गाडीतून खाली उतरली होती, आणि मामाशी एक शब्दही न बोलता, टाचा उंच करून, सगळ्यांत वरची पेटी खाली ओढत होती.